हारीताची अट

ग्वाल्हेरचा वसंत फार थोडा. पौष-माघात धुकं दुपारपर्यंत हटत नाही, मातीत हात घातला की बोटं वाकत नाहीत. चैत्र सरता सरता लू सुटते, ती आषाढापर्यंत मान वर करू देत नाही. मधे जेमतेम दीड महिना असा मिळतो की झाडांना आणि माणसांना एकाच वेळी बरं वाटतं. तोही निर्धास्त नाही, फाल्गुनात गारांची भीती असतेच.

माझी धाकटी बहीण पुण्याला असते. रविवारी तिचा फोन येतो आणि पहिला प्रश्न, "ताई, बाग काय म्हणतेय?" मग मी दर आठवड्याचं वर्तमान देते. मटाराच्या शेवटच्या शेंगा भरताहेत, वेल बुडापासून पिवळा पडला. गाजरं काढून झाली. मेथी फुलावर गेली. कोथिंबिरीला पांढरी फुलं आली तरी उपटली नाही, मधमाश्या तिथेच पडलेल्या असतात. रिकाम्या वाफ्यांत भेंडी आणि गवार टाकली होती, ती वर आली. दुधीला बियांची जाड पानं सोडून पहिलं खरं पान फुटलं. फ्लॉक्सचा ताटवा असा फुलला आहे की आमच्या जुन्या घराच्या पडक्या कठड्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. तुळस थंडीत पार करपली होती, काळ्या काटक्या उरल्या होत्या. वरून छाटली आणि खालून बारीक हिरवे डोळे निघाले. मोगऱ्याला कळ्या धरताहेत. होलीहॉक माझ्या खांद्याला आला.

"आणि जास्वंद?"

जास्वंदीचं उत्तर द्यायला मी थांबते. तिच्यावर पांढरा चिकट मावा पडला होता, तो साबणाच्या पाण्यानं धुऊन धुऊन घालवला. आता ती रोज फुलते. फक्त मला दिसत नाही. ती आहे गल्लीकडच्या भिंतीशी. निम्म्या फांद्या बाहेर लोंबतात आणि उजाडायच्या आत रिकाम्या होतात. तगरीची तीच गत. लाल कण्हेरीच्या खालच्या फांद्यांचीही.

आमचं घर लष्करात, चिटणीसांच्या गोठीच्या मागच्या अंगाला. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला तळ टाकला, तो उठलाच नाही. तंबूंचे वाडे झाले, वाड्यांच्या गल्ल्या झाल्या, आणि छावणीचं नाव शहराला चिकटलं. या गल्ल्यांत पहाटे फिरायला निघणारी मंडळी पुष्कळ. त्यांतल्या काहींच्या एका हातात प्लास्टिकची पिशवी आणि दुसऱ्या हातात टोकाला तार वाकवलेली काठी असते. फांदी खाली ओढायला ती आकडी. अचलेश्वराला जाणारे, सनातन धर्म मंदिराला जाणारे, घरच्याच देव्हाऱ्याला फुलं नेणारे. सगळे धार्मिक. दुकानातून बिस्किटाचा पुडा न विचारता उचलायला यांतल्या एकाचाही हात होणार नाही.

आमच्या गल्लीतल्या एक माताजी त्यांत आहेत. माझ्याहून वयानं मोठ्या, कमरेत वाकलेल्या, पण आकडीचा नेम अचूक. एका सकाळी मी फाटकाशीच उभी होते. म्हटलं, "माताजी, माँग लेतीं तो मैं ही तोड़कर दे देती।"

त्या जराही गडबडल्या नाहीत. पिशवीचं तोंड आवळत म्हणाल्या, "माँगूँगी तो पुण्य तुम्हारा हो जाएगा, बहनजी।"

मी जन्मभर कॉलेजात संस्कृत शिकवलं. मुली परीक्षेपुरतं पाठ करत आणि विसरत, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण फाटकाशी उभ्या उभ्या एवढा नेमका पूर्वपक्ष मला कोणी ऐकवला नव्हता. मागून आणलेल्या फुलाचं पुण्य देणाऱ्याच्या खात्यावर जातं. न मागता घेतलं तर घेणाऱ्याचं. म्हणून मागायचं नाही. माझी आजीही काहीसं असंच बोलायची. स्वतःच्या बागेतलं फूल उत्तम, रानातलं मध्यम, विकतचं त्याखाली, आणि मागून आणलेलं सगळ्यांत शेवटी. चोरलेल्याचा क्रमांक तिनं सांगितला नव्हता. तो आपोआप पहिल्यावर चढतो हे मला माताजींनी दाखवलं.

त्या दिवशी मी आपस्तंबाचं धर्मसूत्र काढलं. या प्रश्नावर तिथे एक भांडण आहे. दोन हजार वर्षांहून जुनं, आणि अगदी आमच्या गल्लीतलं. दुसऱ्याचं म्हणून जे आहे ते कोणत्याही रीतीनं आपलंसं केलं की माणूस चोर झाला, असं कौत्स आणि हारीत म्हणतात. कण्व आणि पुष्करसादीही त्यांच्याच बाजूचे. मग वार्ष्यायणी उठतो. तो म्हणतो, दुसऱ्याच्या मालमत्तेतही काही अपवाद आहेत. शेंगेत पिकत आलेले दाणे, गाडीच्या बैलाला लागणारा चारा, एवढं कोणी घेतलं तर धनी नको म्हणत नाहीत. मात्र फार घेतलं तर तो दोष. आणि हे सगळं झाल्यावर हारीत पुन्हा तोंड उघडतो आणि एवढंच म्हणतो: सर्व ठिकाणी आधी अनुमती.

आपस्तंब त्याच्यानंतर काही बोलत नाही. निकाल देत नाही. पुढच्या विषयाकडे वळतो. मला या ग्रंथांचं हेच आवडतं आणि याचाच रागही येतो. आपल्याला वाटतं, शास्त्र म्हणजे एक आज्ञा. इथे पाहावं तर पाच म्हातारे ओट्यावर बसून शेंगांवरून वाद घालताहेत. महामहोपाध्याय काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० मध्ये निघाला आणि पाचवा १९६२ मध्ये. इतकी वर्षं ते या वादांच्या ढिगाऱ्यात बसले याचं मला नवल वाटत नाही. ते मुंबईच्या हायकोर्टात वकिली करत. वादी-प्रतिवादी दोघंही शहाणे असू शकतात, ही सवय त्यांना असणारच.

वार्ष्यायणीची बाजू मला मनापासून पटते. माझ्या मटाराच्या वेलाशी उभं राहून शाळेतून परतणाऱ्या पोरानं दोन शेंगा तोडल्या आणि तिथेच फोडून खाल्ल्या, तर मला आनंदच होतो. कोवळ्या मटाराला दुसरा उपयोगही नाही. स्वयंपाकघरापर्यंत पोचेतो त्याची निम्मी गोडी जाते. त्या पोरानं आधी दार वाजवून परवानगी मागावी असं हारीताशिवाय कोणाला वाटेल? 'धनी नको म्हणत नाहीत' यात मोठं जग सामावलेलं आहे. वाटसरू, बैल, पोरं, भूक. आणि 'फार घेतलं तर दोष' यात मापही आहे. माताजींची पिशवी मापाबाहेर आहे हा माझा मुद्दा होऊ शकला असता.

पण गौतमाचं धर्मसूत्र उघडलं आणि तो मुद्दा गेला. गौतम फुलांचं नाव घेऊन बोलतो. गाईसाठी आणि अग्नीसाठी गवत आणि सरपण, शिवाय वेलींची आणि झाडांची फुलं, ही स्वतःचीच समजून घ्यावीत. फळंही घ्यावीत, पण ज्यांना कुंपण नाही त्यांची. फुलांना कुंपणाची अट नाही! म्हणजे माताजी गौतमाच्या संरक्षणाखाली आहेत, आकडीसकट.

बहिणीला हे सांगितलं तर ती फोनवर पोट धरधरून हसली. "ताई, तुझ्याच पुस्तकानं तुला हरवलं."

हरले असते. पण फुलाला कुंपण नाही आणि फळाला आहे, असं गौतमानं का केलं असेल? सूत्रं कारण सांगत नाहीत, शब्द वाचवण्यात त्यांची शान. म्हणून पुढचा तर्क माझा. फळ घेणाऱ्याच्या पोटात जातं. त्यात घेणाऱ्याचा लाभ आहे आणि धन्याचा तेवढाच तोटा, म्हणून धन्यानं कुंपण घातलं असेल तर ते मानायचं. फुलाचं तसं नाही. ते संध्याकाळी माझ्या झाडावर सुकणार होतं, तेच कुठल्याशा पिंडीवर सुकलं. घेणाऱ्याला त्यातून काही उरत नाही. ज्या घेण्यात घेणाऱ्याला काहीच मिळत नाही, त्याला चोरी कसं म्हणायचं? इथपर्यंत गौतम माझा गुरू.

माताजींनी मात्र स्वतःच्या तोंडानं सांगितलं की त्यांना त्यातून काहीतरी मिळतं. पुण्य. ते माझ्या खात्यावर जाईल म्हणून मागायचं नाही, इतकं ते त्यांना प्रत्यक्ष आहे. आणि पुण्य हे फळ आहे. कर्मातून जे मिळतं त्याला मीमांसा फळच म्हणते. तेव्हा ज्या क्षणी त्यांनी पुण्याचं नाव काढलं, त्या क्षणी त्यांच्या पिशवीतली जास्वंद फुलांच्या वाक्यातून निघून फळांच्या वाक्यात गेली. तिथे कुंपणाची अट आहे. आणि माझ्या भिंतीला, पडकी का असेना, भिंत म्हणतात.

हा युक्तिवाद मी अजून माताजींना ऐकवलेला नाही. तो जिंकल्याचं समाधान फार टिकत नाही हेही खरं, कारण तो वळून माझ्याकडे येतो. 'स्वतःच्या बागेतलं फूल उत्तम' असं मनात म्हणत मी रोज सकाळी परडी घेऊन निघते, तेव्हा मीही फळच तोडत असते. फरक एवढाच की कुंपण माझं आहे. ते माझं आहे म्हणजे काय, हा प्रश्न मग सुटत नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात शंख आणि लिखित या भावांची गोष्ट येते. युद्ध संपलंय, युधिष्ठिराला राज्य नको झालंय, आणि दंड हा राजाचा धर्म कसा ते त्याला पटवायला व्यास ती सांगतात. बाहुदा नदीच्या काठी दोघांचे वेगवेगळे आश्रम, फुलाफळांनी भरलेले. लिखित भावाकडे गेला, भाऊ घरी नव्हता. यानं पिकलेली फळं पाडली आणि खात बसला. शंख आला, विचारलं, कुठून आणलीस? हा हसत म्हणाला, इथूनच की. शंख म्हणाला, न देता घेतलंस, ही चोरी. राजाकडे जा आणि शिक्षा मागून घे. लिखित सुद्युम्न राजाकडे गेला. राजा म्हणाला, दंड करायचा मला अधिकार आहे तसा क्षमेचाही आहे. लिखित ऐकेना. शेवटी राजानं त्याचे हात तोडवले. तसाच तो भावाकडे परतला. भाऊ म्हणाला, नदीत स्नान करून तर्पण कर. ओंजळ करायला गेला तर हात कमळासारखे पुन्हा उगवलेले. तेव्हा लिखितानं विचारलं, तुझ्या तपात एवढं सामर्थ्य होतं तर आधीच मला शुद्ध का नाही केलंस? शंख म्हणाला, दंड देणारा मी नाही, राजा आहे.

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुली चिडायच्या. भावाची चार फळं, आणि हात? मलाही कधी पटली नाही. शंखाच्या धर्मात मला कोरडेपणा दिसतो. पण एका शब्दाशी मी दर वेळी थांबते. लिखित 'हसत' म्हणाला. आपल्या माणसाचं आहे, त्याला काय विचारायचं, असं ते हसू. हक्काचं. शंखाला फळांचं काही वाटलं नसावं, त्याला ते हसू लागलं असावं. या दोन भावांच्या नावावर पुढे एक धर्मसूत्रही सांगितलं गेलं. ते सबंध मिळत नाही. निबंधकारांनी जागोजागी दिलेल्या उताऱ्यांतून काण्यांनी ते गोळा केलं. ज्याचे हात चोरीपायी गेले तोच भाऊ धर्म सांगणाऱ्यांत बसला, हे मात्र मला फार छान वाटतं.

आमच्या समोर जैन कुटुंब आहे. त्यांच्या सूनबाईंशी माझं भाजीचं देणंघेणं चालतं. मटार, मेथी, वांगी मी पाठवते. गाजरं, मुळा, ओला कांदा पाठवत नाही, त्यांना जमिनीखालचं चालत नाही. त्यांच्याकडून पापड येतात, आणि गच्चीवरच्या कुंडीतली बारीक लिंबं. त्यांच्या देवळात फुलं वाहत नाहीत. दिगंबरांतल्या तेरापंथी पूजेत फुलाच्या जागी केशरात रंगवलेले तांदूळ असतात. मी माताजींचा किस्सा सांगितला तेव्हा सूनबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पर आंटी, आपने भी किससे माँगा? पौधे ने तो दिया नहीं।"

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात चोरीची व्याख्या दोन शब्दांची आहे: न दिलेलं घेणं. त्यांच्याकडे फूल न तोडण्यामागे मुख्य विचार अहिंसेचा, हे मला ठाऊक आहे. पण सूनबाईंनी अचौर्य आणि अहिंसा ही दोन्ही व्रतं एका वाक्यात गाठ मारून माझ्या हाती दिली. हारीत म्हणतो 'सर्व ठिकाणी अनुमती', आणि त्याच्याही ध्यानात झाड आलेलं नाही. त्याला फक्त धनी दिसतो.

आमच्या परंपरेला हे अगदी सुचलं नाही असं नाही. तुळस तोडताना तिची क्षमा मागतात, द्वादशीला तिला हात लावत नाहीत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी लाकूड आणायला वनात जायचा विधी आहे. आदल्या रात्री झाडाची पूजा करायची आणि त्यावर राहणाऱ्या भूतांना विनवायचं, तुमचा मुक्काम कृपा करून दुसरीकडे हलवा. मला हे वाचताना हसू येतं, पण मान खाली जाते. कारण महानगरपालिकेचा माणूस गल्लीतला कडुनिंब छाटायला येतो तेव्हा त्यावरच्या घरट्यांना कोणी एवढं विचारत नाही.

सूनबाईंना उत्तर म्हणून मी बागकामातलं एक सत्य पुढे केलं. फ्लॉक्स, पिटुनिया, स्वीट पी यांची फुलं तोडत राहिलं तर झाड आणखी फुलतं. मटाराच्या शेंगाही वेळेवर काढल्या तर वेल आणखी धरतो. याचा अर्थ झाडाला देण्यात आनंद आहे, असं सगळे माळी म्हणतात, फुलांच्या प्रदर्शनात येणारे साहेबही म्हणतात. पण बोलता बोलता मीच अडखळले. तोडल्यावर झाड पुन्हा का फुलतं? त्याला बी धरायचं असतं. ते धरण्याआधी आपण फूल नेलं, म्हणून ते परत प्रयत्न करतं. पुन्हा नेलं, पुन्हा करतं. लू येईपर्यंत त्याचा प्रयत्न चालतो. याला दान म्हणायला मन फार निबर लागेल. तेव्हापासून मी प्रत्येक जातीची दोन-चार झाडं न तोडता बियांवर जाऊ देते. ती बी मला पुढच्या कार्तिकात लागते, हा स्वार्थ आहेच. सूनबाईंचं समाधान झालेलं नाही.

जबरदस्तीनं नेलेल्या फुलाचीही एक आठवण या शहराला आहे. १५२८ च्या सप्टेंबरात बाबर ग्वाल्हेर पाहायला आला. त्याच्या आत्मचरित्रात रहीमदाद या त्याच्या इथल्या अधिकाऱ्याच्या बागेचं वर्णन आहे. इतर ठिकाणची कण्हेर पीचच्या फुलाच्या रंगाची, पण ग्वाल्हेरची गडद लाल आणि देखणी. म्हणून त्यानं तिची काही रोपं आग्र्याला नेली आणि तिथल्या बागांत लावली. त्याच्याच लेखणीनं किल्ल्याच्या उरवाई दरीतल्या उघड्या जैन मूर्तींबद्दलही लिहिलं आहे. डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह या तोमर राजांच्या काळात, पंधराव्या शतकात, खडकात कोरलेल्या त्या मूर्ती. त्यानं त्या मोडायचा हुकूम दिला. बहुतेकांचे चेहरे फोडले गेले. पुढे जैनांनी काहींना चुन्याचे चेहरे बसवले. एकाच माणसानं एकाच मुक्कामात मूर्ती फोडायला सांगितल्या आणि कण्हेरीवर जीव टाकला, हे माझ्या डोक्यात कधी नीट बसलं नाही. फुलावर प्रेम केलं की माणूस मऊ होतो, असं मी लहानपणापासून ऐकत आले. बाबराला कोणी असं सांगितलं नसावं. माझ्या भिंतीशी जी लाल कण्हेर आहे ती शंकराला वाहतात. तिच्या खालच्या फांद्यांवर माताजींचा हक्क, वरच्या माझ्या. आग्र्याला तिचे नातेवाईक असतील.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात चोराची आणखी एक व्याख्या आहे, आणि ती सगळ्यांत अडचणीची. देवांनी दिलेलं, त्यांना न देता जो भोगतो तो चोर. इथे कुंपण नाही, धनी नाही, पिशवी नाही. इथे जो काही खातो तो प्रत्येक जण आरोपी. माझ्या वाफ्यात काय माझं आहे? पाणी तिघऱ्याचं. सांक नदीवर १९१६ मध्ये बांधलेलं ते धरण पुढच्याच वर्षी फुटलं आणि पुन्हा बांधलं गेलं. आज मी नळी हातात धरून त्यातलं पाणी भेंडीला घालते. ज्या वर्षी पाऊस कमी त्या वर्षी नळ एक दिवसाआड येतो, आणि मी स्वयंपाकघरातलं भाज्या धुतलेलं पाणी साठवते. शेण दुधवाल्याच्या गोठ्यातलं. मधमाश्या कोणाच्या, त्यांनाच ठाऊक. मी काय केलं? वाकले, बी टाकलं, तण काढलं. कंबर माझी, एवढं निश्चित.

पोपट आले की हा अध्याय मला रोज नव्यानं आठवतो. ते मटाराची शेंग नखात धरून चिरतात, एक दाणा खातात आणि बाकीची टाकून देतात. पंचमहायज्ञांतला भूतयज्ञ म्हणून मी अर्धा वेल त्यांना सोडला आणि अर्ध्यावर जाळी घातली. बहीण म्हणते, यज्ञाला जाळी कुठे असते? असते. वैश्वदेवातही कावळ्याचा घास वेगळा काढतात, अख्खं पातेलं अंगणात ठेवत नाहीत.

सावता माळी मला या सगळ्यांपेक्षा जवळचा वाटतो, आणि तोच माझं कोडं आणखी घट्ट करतो. माढा तालुक्यातलं अरण हे त्याचं गाव. पंढरपूर काही फार लांब नाही, पण परंपरा सांगते की तो मळा सोडून तिकडे गेला नाही. त्याला विठ्ठल मळ्यातल्या भाजीपाल्यातच भेटला. अजून पांडुरंगाची पालखी त्याला भेटायला अरणला जाते. छान. पण भाजीतच देव असेल तर वाहायचं काय आणि कोणाला? जुडी बांधून बाजारात नेताना काय नेलं? तो असले प्रश्न विचारत बसला नसेल. त्याला पाणी द्यायचं असेल.

बहिणीनं एक उपाय सुचवला. "रोज पहाटे एक परडी भरून फाटकाबाहेर ठेव. ज्याला हवी तो घेईल. चोरीही नाही आणि कटकटही नाही." ग्वाल्हेरातही काही घरं हे करतात, मी पाहिलं आहे. पण मला ते नको वाटतं, आणि का नको हे मला बरेच दिवस सांगता येत नव्हतं. परडी बाहेर ठेवली की देणारीला घेणारी दिसत नाही. पुण्याचे दोन्ही हिशेब सुटतील, पण माताजी आणि मी एकमेकींशी बोलणार नाही. हारीताच्या अटीत धन्याचा अधिकार आहे असं मी इतके दिवस धरत होते. आता वाटतं, त्या अटीत दुसरंच काही असेल. अनुमती घ्यायला समोर यावं लागतं. फूल ज्याचं असेल त्याचं असो, देवाचं, झाडाचं, तिघऱ्याचं. विचारणारी आणि जिला विचारलं ती, या दोघी मात्र तिथे असाव्या लागतात. मला माझी जास्वंद परत नको आहे. मला विचारलं जायला हवं आहे. यात अहंकार आहे असं कोणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही, पण निव्वळ अहंकार नाही.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू आमच्याकडे अजून होतं. लष्करातली मराठी घरं आता थोडी राहिली. मुलं इंदूर, पुणे, बंगलोरला गेली. म्हणून मी गल्लीतल्या सगळ्यांनाच बोलावते. झोपाळ्यात गौर, खाली उतरंड, आणि आरास बागेची: होलीहॉकचे दांडे, उरलेला फ्लॉक्स, मोगऱ्याच्या पहिल्या कळ्या, कोवळ्या काकड्या. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी. डाळीत हिंगाची फोडणी पडली की समोरच्या सूनबाईही दुसऱ्यांदा मागून घेतात. माताजी आल्या. ओटी घेतली, गौरीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. तगरीची फुलं पाहून, ती कोणत्या फांदीची हे त्यांना कळलं असणार. निघताना फाटकाशी वळून म्हणाल्या, "कल सबेरे आऊँगी। अंदर वाली डाल पे ज्यादा हैं। फाटक की कुंडी मत लगाना।"

ही अनुमती मागणं झालं की हुकूम, यावर हारीत आणि वार्ष्यायणी पुन्हा भांडू शकतील. मी ती मागणी म्हणून धरली आणि रात्री कडी लावली नाही.

माताजींच्या आधी गाय आली. कोथिंबीर, मेथीचं बियांवर सोडलेलं टोक, भेंडीची अर्धी ओळ आणि दुधीचा वेल असं सगळं तिनं शांतपणे संपवलं. जास्वंदीला तोंड लावलं नाही. माताजींनीच तिला हाकललं, आकडीनं, आणि मग आत येऊन मला उठवलं. आम्ही दोघींनी मिळून चुरडलेले वाफे पाहिले. नंतर त्यांनी तगर तोडली, मी ओंजळ धरली. गल्लीत गाई पाळणाऱ्या कोणीही ती गाय आपली म्हटली नाही.

गौतमात यावरही सूत्र आहे. जनावरानं पीक खाल्लं तर दोष धन्याचा, राखणदार बरोबर असेल तर राखणदाराचा. पण शेत रस्त्यालगत असेल आणि कुंपण नसेल, तर राखणदाराबरोबर शेतवाल्याचाही. गाईला दंड पाच माष. म्हशीला आणि घोड्याला दहा, शेळीमेंढीला दोन. उघड्या फाटकाला कुंपण म्हणायचं की नाही, ते तिथे दिलेलं नाही. रविवारी बहिणीचा फोन येईल, तिला सांगायचं आहे की भेंडी पुन्हा टाकली, आणि दुधीला आता उशीर झाला.